चार बोटं फेसाचं पाणी

आमच्या मराठी पंचांगाप्रमाणे त्या दिवशी चैत्र वद्य अष्टमी होती. शेजाऱ्यांच्या हिंदी पंचांगात वैशाख लागून आठवडा झाला होता. वेळ सकाळी साडेसातची. गच्चीवरच्या निळ्या पिंपात एकशे चाळीस लिटर पावसाचं पाणी होतं. हजर तिघं: मी, माझी बायको आणि वरच्या बाई. पाणी मी स्वतः पट्टी बुडवून मोजलं, दोनदा, त्यामुळे आकड्यात चूक नाही. चूक पुढे झाली, आणि ती वजाबाकीची नव्हती.

वरच्या बाई म्हणजे उज्जैनमधल्या माधव नगरच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर राहिलेल्या भाडेकरू. मूळच्या वाईच्या. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं वजनं लिहून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. तेव्हा वय चौसष्ट आणि केस गुडघ्यापर्यंत. बसल्या की वेणी मांडीवर घ्यायच्या, मांजर घ्यावं तशी.

घर पाहायला आल्या त्या दिवशी त्यांनी खोल्या पाहिल्या नाहीत. सरळ न्हाणीघरात गेल्या. पर्समधून औषधाची असते तशी काचेची बाटली काढली, नळाखाली अर्धी भरली, साबणाचा एक थेंब टाकला आणि मोठ्याने मोजत वीस वेळा हलवली. मग फेसाला बोटं आडवी लावून पाहिली.

"दीड बोट," म्हणाल्या. "हे बोअरचं. नळाचं कुठंय?"

"नळ संध्याकाळी येतो."

"मग मी संध्याकाळी येते."

संध्याकाळी खरोखर आल्या. नळाच्या पाण्याला तीन बोटं फेस आला. "चालेल," म्हणाल्या. भाडं विचारलं नाही, खिडक्या किती ते विचारलं नाही. स्वयंपाकघर त्यांनी सामान उतरवल्यावर पाहिलं. मी प्रत्येक गोष्ट तीनदा तपासणारा माणूस. बाई गेल्यावर मी बायकोला म्हणालो, ह्या बाईचं काही खरं नाही. बायको म्हणाली, "अहो, बाईंचे केस पाहिलेत का?" मी बाटलीच पाहत होतो.

हलक्या पाण्यात साबणाला खूप फेस येतो आणि टिकतो. जड पाण्यात फेस मोडतो, त्याची मळी होते आणि ती केसांना धरते. बाईंचं सगळं शास्त्र एवढंच, पण जग त्या त्यावरच मोजायच्या. देवास अर्धं बोट. इंदूरचं त्यांच्या भाचीचं घर दोन. पावसाचं पाणी चार. आणि वाईच्या कृष्णेचं पाच. नदीचं पाणी पावसापेक्षा हलकं कसं असेल, असं मी एकदा विचारलं. "माहेर आहे ते," म्हणाल्या. यावर हिशेब चालत नाही हे मला मान्य करावं लागलं.

न्हायचे वार ठरलेले, बुधवार आणि रविवार. आदल्या संध्याकाळी शिकेकाई आणि रिठे भिजत घालायचे, सकाळी उकळून दोनदा गाळायचे. गाळायला त्यांच्याकडे जुन्या धोतराचा तुकडा होता. शेवटच्या पाण्यात लिंबू पिळायचं. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, पंच्यात गुंडाळून बसायचं. ओल्या केसांना फणी लावायची नाही. कोणी तुरटीचं सुचवलं की त्यांचा संताप व्हायचा. "तुरटीनं गाळ बसतो. खार बसत नाही. गाळ आणि खार यातला फरक कळत नाही आणि सल्ले देतात."

"केस धुवायचे नसतात," हे त्यांचं आवडतं वाक्य. "केसांतून पाणी धुवून काढायचं असतं."

आठ महिने त्यांचं नळावर भागायचं. उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड येतो आणि बाईंच्या मोजणीप्रमाणे दीड बोटावर उतरतो. त्यासाठी ते निळं पिंप. श्रावणात गच्चीच्या पन्हळीतून दोनशे लिटर भरून घ्यायचं, कापड बांधून झाकण लावायचं, वर कुलूप. किल्ली गळ्यातल्या साखळीत. पिंप उघडायचं ते रंगपंचमीला. उज्जैनची रंगपंचमी अंगावर घेऊन बाई वर यायच्या तेव्हा ओळखू यायच्या नाहीत, पण तो गडद जांभळा रंग त्या पाण्याने तासाभरात उतरायचा. तिथून पुढे एका न्हाण्याला सहा लिटर, आठवड्याला बारा. पिंपाच्या अंगावर खडूने रेषा मारलेल्या होत्या आणि प्रत्येक रेषेपुढे तारीख. शेवटची रेषा आषाढी पौर्णिमेची. मला हे फार आवडायचं. घरात कोणीतरी माझ्यासारखं आहे असं वाटायचं.

आमचं बिनसलं ते दुसऱ्या बोअरवरून. पहिली आटायला लागली म्हणून कार्तिकात मी नवी खोदवली, चारशे वीस फूट. पाणी असं लागलं की गल्लीतले लोक पाहायला आले. मी बाईंना स्वतः बोलावून आणलं. त्यांनी बाटली हलवली, धरून ठेवली, परत हलवली.

"अर्धं," म्हणाल्या. "मालक, तुम्ही पाणी नाही काढलंत. चुना काढलात."

रागावल्या की त्या मला मालक म्हणायच्या. मी म्हणालो, बाई, गल्लीत सगळ्यांकडे हेच पाणी आहे, लोक मरत नाहीत. त्या म्हणाल्या, "लोक मरत नाहीत हे पाण्याचं कौतुक झालं का?"

माघात आमच्या गीझरची कॉइल बिघडली. मिस्त्रीने काढून टाकलेली ती कॉइल दुसऱ्या दिवशी आमच्या दाराच्या कडीला सुतळीने लटकवलेली होती. तिच्यावर बोटभर जाडीचा पांढरा थर. खाली चिठ्ठी: "हे तीन महिन्यांत. डोक्यांचं काय?" मी ती चिठ्ठी फाडली आणि बाईंशी बोलणं बंद केलं. त्यांनीही केलं. जिन्यात समोरासमोर आलो तर दोघंही भिंतीकडे पाहायचो. पंचावन्न वर्षांचा माणूस असं वागतो याचं आज मला आश्चर्य वाटतं, तेव्हा वाटलं नाही.

त्याच महिन्याच्या शेवटी आईला झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. सगळ्या बोलण्यातला एकच शब्द राहिला: "नको." औषध हवं असलं तरी नको, पाणी हवं असलं तरी नको. कोणता नको कशाचा ते आम्ही डोळ्यांवरून ओळखायला शिकलो.

आईच्या केसांबद्दल इथे सांगायला हवं. आई लहानपणी तिच्या आजीजवळ वाढली, आणि ती आजी विधवा, लाल आलवणात, डोकं केलेली. दर पंधरवड्याला मागच्या दाराशी न्हावी येऊन बसायचा आणि आजी हातातलं काम टाकून मुकाट्याने जाऊन बसायची. आईने ते सात वर्षांची असताना पाहिलं आणि जन्मभर विसरली नाही. माझे वडील गेले त्या दिवशी, घरात माणसं भरलेली असताना, तिने मला आत बोलावून एवढंच सांगितलं: "माझ्या केसांना कोणी कात्री लावायची नाही. मी मेल्यावरसुद्धा." मी शब्द दिला. तो काळ कधीच गेला होता, कोणी तसं करणारही नव्हतं, पण तिला भीती होती आणि मी शब्द दिला होता.

झटक्यानंतर दिवसा एक आया ठेवली. ती आईचे केस आठवड्यातून दोनदा पलंगावरच धुवायची. नव्या बोअरचं पाणी आणि अंगाचा साबण. पाच आठवड्यांत कमरेपर्यंतचे पांढरे केस एकमेकांत असे बसले की दोरखंड झाला. बोटं आत जात नव्हती. मानेजवळ कातडी ओढली जाऊन लाल झाली होती.

अष्टमीच्या सकाळी आया कात्री घेऊन उभी होती. "भैया, अब तो काटने ही पड़ेंगे। देखो, कंघी का दाँत टूट गया."

"अहो, डॉक्टरही तेच म्हणाले," बायको म्हणाली. "उद्या जखम झाली म्हणजे?"

आईने डाव्या हातात तो दोरखंड गच्च धरला होता. नको, नको, नको. हा नको कशाचा ते ओळखायला डोळे पाहायची गरज नव्हती.

मी हो म्हणालो. लिहायला लाज वाटते, पण जे झालं ते लिहितो आहे. मी आयाला म्हणालो, "काटो."

"कैंची नीचे रखो." दारातून आवाज आला. बाई उभ्या होत्या. टाकी भरून वाहते आहे हे सांगायला खाली आल्या होत्या, एवढंच. आत येऊन त्यांनी आईच्या केसांना हात लावला, बोटं चोळली, बोटांचा वास घेतला. मग अडीच महिन्यांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या.

"मालक, बोअरच्या पाण्यानं धुतलेत?"

"हो."

"साबण लावून?"

"हो."

"मग ही जट नाही. ही मळी आहे. जट कापावी लागते, मळी धुता येते." गळ्यातली किल्ली काढून त्यांनी बायकोच्या हातात दिली. "वहिनी, वर चला. मालक, पट्टी घ्या. पाणी किती आहे बघू."

ते हे एकशे चाळीस लिटर.

दहा दिवस, रोज चौदा लिटर. सकाळी आठ ते अकरा बाई आईच्या उशाशी. कोमट पाण्यात लिंबू, त्यात भिजवलेलं फडकं केसांवर अर्धा तास. मग खोबरेल. मग टोकाकडून वर, एकेक बट, बोटांनी. फणी चौथ्या दिवशी हातात घेतली, तीही लाकडी. मग गाळलेली शिकेकाई, मग पाणी, मग परत पाणी. पहिल्या दिवशी चार बोटं रुंद एवढीच बट मोकळी झाली. मी खाली बसून वहीत लिहायचो: एकशे सव्वीस. एकशे बारा. अठ्ठ्याण्णव. बाई मधूनच आईशी बोलायच्या, पार्सल ऑफिसच्या गोष्टी. एकदा कोणीतरी जिवंत बकरी पाठवली होती आणि तिने स्वतःची पावती खाल्ली, ही गोष्ट आईने तीनदा ऐकली आणि तीनदा तिचा डावा गाल हसला.

दहाव्या दिवशी वेणी घातली. पाठीवर सरळ पडणारी पांढरीशुभ्र वेणी.

"आई, घट्ट घालू?" बाईंनी आधी विचारलं होतं.

"नको."

"सैल घालू?"

"नको."

"मग कापून टाकू?"

आईने डावा हात उचलला आणि बाईंच्या दंडावर एक चापट मारली. जोरात नाही, पण मारली. आया तोंडाला पदर लावून हसायला लागली. बाई म्हणाल्या, "कळतंय सगळं. उगाच नाटकं करतात."

पिंप कोरडं झालं होतं. दहा चौदे एकशे चाळीस, बाकी शून्य. मी वहीखाली रेघ मारली आणि हिशेब जुळल्याचं मला समाधान वाटलं. आज सांगायला संकोच वाटतो, पण वाटलं.

जिना चढता चढता बाई थांबल्या. "मालक, उद्या अक्षय्य तृतीया. उद्या मी केसांवर पाणी सोडणार आहे."

आम्ही उज्जैनचे मराठी. आठ-नऊ पिढ्यांपूर्वी सरदारांच्या दफ्तरात कारकून म्हणून आलो आणि इथेच राहिलो. आमच्या मराठीत पाणी सोडतात ते नळाला. नल छोड़ दिया, पाणी सोडलं. मला वाटलं, सणाचा दिवस आहे, बाई न्हाणार आहेत.

"मग मोटर अर्धा तास जास्त चालवतो," मी म्हणालो. "उद्या नळाचाही दिवस आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "चालवा," म्हणाल्या.

मी मोटर चालवली. अर्धा तास नाही, चाळीस मिनिटं.

दुपारी एकच्या सुमारास आम्ही जेवायला बसणार होतो. बायको आमरस वाढत होती. बाई दारात आल्या, डोक्यावरून पदर घेतलेला. मी त्यांना कधी पदर घेतलेलं पाहिलं नव्हतं. "आईंना द्या," म्हणून त्यांनी एक लाकडी फणी पुढे केली, आणि वाकताना पदर घसरला.

केस नव्हते. म्हणजे होते, बोटभर, पोराच्या डोक्यावर असतात तसे. मान उघडी, कान उघडे, आणि त्यांचं डोकं इतकं लहान असेल हे मला कधी वाटलं नव्हतं. बायकोच्या हातातलं पातेलं तसंच कललेलं राहिलं आणि आमरस ताटाबाहेर सांडत राहिला.

"बाई, हे काय?" मी म्हणालो.

"सांगितलं होतं की काल."

"तुम्ही म्हणालात, केसांवर पाणी सोडणार."

"मग सोडलं." त्यांनी पदर सारखा केला. "दान देताना हातावरून पाणी सोडतात ना, मालक? का इथं तेही नळावरच सोडतात?"

तेव्हा मला मराठी कळली. एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं म्हणजे ती आपली नाही असं म्हणणं. आणि मी त्या वाक्याला उत्तर म्हणून मोटर लावली होती.

त्यानंतर मी जो गुणाकार केला तो दहा दिवस आधी करायला हवा होता. आठवड्याला बारा लिटर, आषाढी पौर्णिमेपर्यंत जेमतेम पावणेबारा आठवडे. बरोबर एकशे चाळीस. पिंपावर खडूने लिहिलेलंच होतं, मी रोज पट्टी बुडवताना त्या रेषांवर हात टेकत होतो. मी रोज चौदा वजा केले. ते कुणाच्या डोक्यातून वजा होत आहेत हे पाहिलं नाही.

"प्यायच्या पाण्याचे जार आणले असते," बायको रडत म्हणाली. "बाई, एक शब्द बोलायचा होतात."

"ते मी तपासलंय. चांगलं आहे, चार बोटं." बाई म्हणाल्या. "पण माधव नगरात लोक टँकरमागे बादल्या घेऊन पळतायत, आणि मी प्यायचं पाणी डोक्यावर ओतू? आणि अर्ध्या-दीड बोटाच्या पाण्यात केसांचा दोरखंड होताना मला बघायचा नव्हता. एकदा बघितला. बास."

मग त्या खुर्चीवर बसल्या आणि जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट असावी तशी सगळी हकीकत सांगितली. आधी फ्रीगंजमधल्या एका ब्यूटी पार्लरमध्ये गेल्या. तिथली मुलगी म्हणाली, मॅडम, पहले वॉश करना पड़ेगा. बाईंनी बाटली काढली, पाऊण बोट. तशाच उठून बाहेर आल्या आणि टावर चौकाच्या मागे एका न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसल्या. तो बिचारा हात जोडून उभा राहिला. "माताजी, घर में कोई शांत हो गया क्या?" कोणी गेलं नाही म्हटल्यावर विचारलं, "तो बेचोगे? बहुत दाम आएगा." बाईंनी वेणी त्याच्याकडून वर्तमानपत्रात बांधून घेतली आणि पुढच्या किराणा दुकानात वजन करून घेतलं. दोनशे ऐंशी ग्राम. "मला वाटलं होतं, तीनशे भरेल," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून खंत अशी मी तेवढी एकच ऐकली.

ती वेणी त्यांनी कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली. केसांचं खत चांगलं, असं त्यांचं म्हणणं. कढीपत्ता पुढे जोरात आला. आमच्या घरी त्याची पानं फोडणीत कधी पडली नाहीत. बायको हात लावायला तयार नव्हती आणि मीही.

आई आषाढात गेली, झोपेत. वेणी तशीच होती, आदल्या दिवशीच बाईंनी घातलेली. शब्द पाळला गेला. मी पाळला असं म्हणता येत नाही.

राम घाटावर मी डोकं केलं. घरी आलो तेव्हा बाई जिन्यात उभ्या होत्या. माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला.

"किती बोटं?" म्हणाल्या.

"शून्य," मी म्हणालो, आणि मला तिथे पायरीवर बसून रडू आलं. बाई एक पायरी वर बसून राहिल्या.

श्रावणात मी पन्हळ स्वतः घासली, पिंप धुतलं आणि एकशे चाळीस लिटर पाणी भरून दिलं. बाईंनी आपली पट्टी आणून मोजलं. एकशे बेचाळीस निघाले. मी म्हणालो, असू द्या. त्या म्हणाल्या, "असू कसं देऊ?" दोन लिटरची एक बाटली भरून त्यांनी मला परत दिली. झाकणावर चिकटपट्टी लावून लिहिलं होतं: मालकांचं. ती बाटली मी आईच्या फोटोमागे ठेवली.

पुढच्या वैशाखात बाई नाशिकला भाचीकडे कायमच्या राहायला निघाल्या. भाची आता इंदूर सोडून तिकडे गेली होती. तिने नळाचं पाणी कुरियरने पाठवलं होतं, साडेतीन बोटं. गाडी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळची होती. केस तोवर नऊ बोटं झाले होते, मागे एक छोटासा रबरबँड बसत होता.

अक्षय्य तृतीयेला गेलेल्यांच्या नावाने पाण्याचा घट देतात. आमच्याकडे तो दरवर्षी घाटावरच्या गुरुजींना जातो. त्या सकाळी गुरुजींना दक्षिणा आणि शिधा दिला, घट दिला नाही. ते जरा गोंधळले. घरी येऊन मी फोटोमागची बाटली काढली, मातीच्या घटात ओतली, आणि वर जाऊन बाईंसमोर ठेवली. बायकोने पळीने माझ्या हातावरून पाणी सोडलं. हजर आम्ही तिघंच होतो. बाईंनी सवयीने पर्समध्ये हात घातला, फेसाच्या बाटलीसाठी, आणि मग ती न काढताच हात बाहेर घेतला.

दिलं ते असं: पावसाचं पाणी, दोन लिटर, आईच्या नावाने, बाईंना.